घड्याळाचा मोठा हात

३ फेब्रुवारी १९६१, शुक्रवार

गावच्या इन्स्टिट्यूटच्या घड्याळाचा मोठा काटा गळून पडला त्याला आज दोन वर्षं झाली. खरी किंमत मांडून पाहिली. चुकलेल्या बस — माझ्या एकट्याच्या अकरा. करपलेला मटणाचा रस्सा — चार वेळा. चर्चमध्ये वीस मिनिटं ताटकळलेली नवरी — एक. (तिने लग्न केलं, पण फोटोत हसलेली नाही.) आता फक्त तासकाटा उरलाय. त्यावरून 'दहा ते अकराच्या मधे कुठेतरी' एवढं कळतं. अर्ध्या थॉर्नशॉला तेवढं पुरतं.

मला पुरत नाही. चोवीस तारखेच्या सभेत ठराव मांडतोय — शिलकीतून नवा काटा बसवा. विरोधात माझ्या शाळेतल्या बाई, मिस ड्रॅन्सफील्ड. त्यांना त्याच पैशांत सभागृहासाठी बॉयलर हवा. दोन्ही जमणार नाही. एक काहीतरी.

५ फेब्रुवारी, रविवार

चर्चबाहेर बाईंनी गाठलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, पण आवाज अजून फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. म्हणाल्या, "हिंडल, चौथीत मी तुला 'हॅण्ड' या शब्दाचे अर्थ विचारले होते. तू स्वतःचा पंजा दाखवून खाली बसलास. घड्याळाच्या काट्यालाही हातच म्हणतात, हे कळायला तुला पंचेचाळीस वर्षं लागली."

लोक हसले. मीही हसलो. खोटं नव्हतं. तेव्हा मी डावखुरा होतो आणि त्यांची पट्टी बरोबर त्याच हातावर उतरायची. आज दोन दुकानांचा मालक आहे, पण बाई दिसल्या की डावा हात आपोआप खिशात जातो.

घरी येताना ठरवलं — सभेत याच शब्दावर बोलायचं. हाताचे जेवढे अर्थ सापडतील तेवढे मांडायचे आणि शेवटी विचारायचं, एवढे हात असलेल्या गावाच्या घड्याळाला एकच का? आयव्ही म्हणाली, भाषणाने मतं मिळत असती तर पाद्रीबाबा केव्हाच पंतप्रधान झाले असते. बायको कोणाच्या बाजूची आहे ते विचारलं नाही. गृहीत धरलंय.

८ फेब्रुवारी, बुधवार

भंगारवाला सेथ ऑग्डन दुकानात खिळे न्यायला आला. गाडीला त्याची डचेस. घोडी किती उंच म्हणून विचारलं, तर तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "साडेचौदा हात, आणि त्यातला अर्धा हात नुसता हट्ट." चार इंचांचा एक हात — आयुष्यभर ऐकतोय, पण मोजदादीत धरला नव्हता. लिहून घेतला. मत देशील का विचारलं. बघू म्हणाला. सेथचं 'बघू' म्हणजे खिळ्यांवर सूट. दिली.

११ फेब्रुवारी, शनिवार

कर्शॉच्या घरी व्हिस्ट. तेरा पानं वाटून झाली की त्यांनाही हातच म्हणतात — आज माझा इतका वाईट होता की विसरणं शक्य नाही. पत्ते पिसता पिसता मतांचा विषय काढला. कर्शॉ आपला. त्याची बायको बाईंची — सभागृहात तिचे गुडघे धरतात. त्यांचा भाडेकरू, जुन्या जहाजावरचा खलाशी, आपला. बोटीवर यालाही हातच म्हणत असत. आणखी एक अर्थ मिळाला, वर एक मत.

माझा अंदाज — तेवीस आपले, फार तर बावीस बाईंचे. इन्स्टिट्यूटची मतं वीस वर्षं मीच मोजतो. दोन्ही बाजू मलाच मोजायला सांगतात, बाईसुद्धा. आजवर एक हात नजरेतून सुटलेला नाही. कोणाचा वर होता आणि कोणाचा खाली, हे वर्षानंतरही शपथेवर सांगेन. या कामात माझा हात धरणारा थॉर्नशॉमध्ये जन्मला नाही.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

केळ्यांच्या फणीलासुद्धा हातच म्हणतात! भाजीवाल्या बाईने सांगितलं. दोन फण्या घ्याव्या लागल्या.

१९ फेब्रुवारी, रविवार

भाषण लिहून काढलं. तेरा अर्थ. अक्षर, सही, टाळ्या, मदत, दिशा — सगळे घेतले. मागणी घालायला गेल्यावर बापाकडे मुलीचा हात मागतात तोही घेतला. आयव्हीच्या बापाने तेव्हा माझ्याकडे पाहून विचारलं होतं, नुसता हातच नेणार का? ते भाषणात घालू नको म्हणाली. घालणार आहे.

गिरणीचा अर्थ मात्र लिहिताना थांबलो. आम्ही तिथे तीनशे हात होतो. दारावरच्या पाटीवरच तसं असायचं — 'हात पाहिजेत'. तोंड आणि पोट घरी ठेवून यायचं. तेराव्या वर्षी एका सकाळी मी तीन मिनिटं उशिरा पोचलो. फाटक बंद. समोर इन्स्टिट्यूटचं घड्याळ, त्याचा मोठा काटा बाराच्या पुढे, छान चकाकत होता. अर्ध्या दिवसाची मजुरी गेली.

त्यानंतर आयुष्यात कुठे उशिरा गेलो नाही. जे काही कमावलं ते त्या तीन मिनिटांवर. आयव्हीला हे माहीत आहे. सभेत सांगणार नाही.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

सभा झाली. हजर पंचेचाळीस, पाद्रीबाबा सोडून — ते अध्यक्ष, त्यांना मत नाही.

सभागृह म्हणजे बर्फाची वखार. लोक कोट घालून बसलेले. मी तेराही अर्थ मांडले. डचेसला हशा, फणीला हशा, सासऱ्यांना सर्वांत मोठा हशा. टाळ्या चांगल्या पडल्या, पण आवाज दबका. मग बाई उठल्या. कागद नाही, काही नाही.

"हिंडलने तेरा हात सांगितले. चौथीत सांगितले असते तर मी त्याला पहिल्या बाकावर बसवलं असतं. पण आत्ता तुम्ही टाळ्या वाजवल्यात त्या हातमोज्यांतून. बॉयलर मी त्यासाठीच मागतेय."

बसल्या. एवढंच. मला तिथेच कळलं, प्रकरण कठीण आहे.

नेहमीप्रमाणे मंचावर उभा राहून मोजलं. घड्याळासाठी बावीस. बॉयलरसाठी बावीस. पुन्हा मोजलं — तेच. बरोबरी झाली की ठराव पडतो, नियमच तसा आहे. घड्याळाचा पडला तर पैसे बॉयलरला, हे आधीच ठरलेलं; तसे ते गेले.

बाईंनी येऊन हात मिळवला. त्यांचा हात खरंच गार होता. राग आला नाही. राग आला तो दुसऱ्याच माणसाचा. हजर पंचेचाळीस, मतं चव्वेचाळीस. कोणी एकाने हात खिशात ठेवला. ना इकडे, ना तिकडे! माझा काटा त्याने बुडवला. शोधून काढणार.

२५ फेब्रुवारी, शनिवार

दिवसभर तेच. सेथला धरलं. त्याने डचेसची शपथ घेतली, त्याचा हात वर होता — आणि खरंच, मलाही आठवतो, अंगठ्याला चिंधी बांधलेला. खलाशी? वर. कर्शॉ वर, त्याची बायको नंतर वर. आयव्ही पहिल्याच फेरीत वर, दुसऱ्या ओळीत, निळा हातमोजा. गृहीत धरलं ते बरोबर निघालं. एकेक चेहरा आठवून चव्वेचाळीस नावांची यादी केली. पंचेचाळिसावा सापडत नाही. आयव्ही यादी बराच वेळ बघत होती.

२६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी चहा ओतता ओतता आयव्हीने विचारलं, "मोजताना तुझ्या उजव्या हातात काय होतं?"

पेन्सिल.

"आणि डाव्यात?"

कागद.

मी मत दिलेलंच नाही.