फेब्रुवारीतल्या बुधवारचा कागद

प्रिय नॉर्बेर,

बाबांच्या ट्रकमधला रेडिओ तुला आठवतो का? घरातला बिघडला होता आणि तो दुरुस्त करायला कुणाला सवड नव्हती, म्हणून शनिवारी संध्याकाळी आपण दोघं अंगणात उभ्या असलेल्या ट्रकमध्ये जाऊन बसायचो. माझ्या मांडीवर कोळंबीचं पातेलं, तुझ्या पायांशी टरफलांची बादली. मी सोलायचं, तू सामना ऐकायचा. मी तेरा वर्षांची होते, तू आठ. कोण कुठून पळाला, कुणी कुणाला पाडलं, ते सगळं तू समोरच्या धुळीत बोटानं काढत असायचास. एकदा आपण बॅटरी पार उतरवली आणि दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये मिस्साला जाताना बाबांना रविवारच्या कपड्यांत ट्रक ढकलावा लागला. ते रागावले नाहीत. धापा टाकत एवढंच म्हणाले, की निकाल काय लागला ते तरी सांगा. आपल्याला माहीत नव्हता. शेवटची पाच मिनिटं उरली असताना रेडिओ बंद पडला होता.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण चर्चपर्यंत चालत जाते. माझ्या रेमीला दुसरी मुलगी झाली. तू त्याचा धर्मपिता, म्हणून कळवते. पहिलीच्या वेळी कळवलं नव्हतं. अल्सीडला जाऊन आता चौदा महिने झाले. दफनाच्या दिवशी पांढऱ्या फुलांचं एक चक्र आलं होतं, त्यावर नाव नव्हतं. फुलवालीनं सांगितलं, पैसे ओक्लाहोमाहून आले. मी कुणाला काही बोलले नाही. तुझ्या बहिणीच्या नवऱ्यानं, अल्सीडनं, फसवणूक करून तुझी नोकरी घालवली, असं तू मानतोस, आणि म्हणून बावीस वर्षं या घराची पायरी चढला नाहीस. त्याबद्दल लिहायला बसले आहे. झालं तसं, क्रमानं लिहिते.

तुमचं दोघांचं ते भांडण नव्हतंच आधी. नदीच्या या काठावर सेंट आल्फॉन्सस, त्या काठावर ग्रँड प्रेरी स्टेट, आणि मध्ये आपल्या परगण्यातली सहा हायस्कुलं. दोन्ही कॉलेजांना फुटबॉलच्या संघासाठी तीच पोरं हवी असायची. अल्सीड आल्फॉन्ससचा कोच म्हणून हिंडायचा, तू स्टेटचा. ज्या घरात मुलगा दांडगा किंवा पायाचा चपळ, त्या घरी तुम्ही दोघंही जेवायला जाणार, आणि आई वाढेल ते संपवणार, कारण ताटात टाकणाऱ्या कोचला कुठली आई मुलगा देत नाही हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. एका संध्याकाळी तीन तीन घरची जेवणं करून तुम्ही इथे यायचात आणि माझ्या स्वयंपाकघरात खुर्चीवर पसरायचात. अल्सीड म्हणायचा, "मेव्हणे, उगाच गेलात हो तिकडे. तुमच्या वाटची कोंबडी मी खाऊन आलो." आणि तू डोळे मिटूनच म्हणायचास, "कोंबडी तुमची, दाजी. पोरगा आमचा." शेवटची पाच वर्षं लागोपाठ पोरगा तुझाच असायचा. अल्सीड हसायचा. पण तू गेल्यावर बराच वेळ कप विसळत उभा राहायचा.

मी हायस्कूलच्या कचेरीत. मुलांचे गुण, हजेरी, कुणाच्या घरी काय चाललंय, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. म्हणून एका ख्रिसमसला जेवताना तुम्हीच नियम केलात. एलोडीला कुणी काही विचारायचं नाही, एलोडीनं कुणाला काही सांगायचं नाही. पावावर हात ठेवून तिघांनी कबूल केलं, आणि आईसुद्धा म्हणाली की आता तरी नीट जेवा. नऊ वर्षं तो नियम कुणी मोडला नाही.

मग कॉर्नेल आला. तसा मुलगा आपल्या गावात पूर्वी झाला नव्हता. चेंडू हातात आला की तो पळतोय असं वाटायचंच नाही, बाकीचे उभे आहेत असं वाटायचं. त्या वर्षी तुमचा हेडकोच नवा होता, टेक्सासचा, त्याला आपली गावठी पोरं पसंत नव्हती. त्यानं तुला सगळ्यांदेखत सांगितलं होतं, की या परगण्यातला हा एक मुलगा आण, नाहीतर सोमवारपासून येऊ नकोस. हे मला अल्सीडकडून कळलं. तुझी नोकरी त्या एका सहीवर होती, हे मला त्या बुधवारी सकाळी माहीत होतं. ते आधी लिहून ठेवते.

फेब्रुवारीतला पहिला बुधवार, कॉलेजांच्या करारांवर पोरांनी सह्या करायचा दिवस. दुपारी बारा वाजता जिममध्ये टेबलावर दोन्ही कॉलेजांच्या टोप्या मांडायच्या, कॉर्नेलनं त्यातली एक डोक्यावर ठेवायची, आणि सगळ्या गावानं टाळ्या वाजवायच्या. पण खरी सही सकाळी सातला, कारण त्याच्या आईची, अर्लीनची, साडेसातला तांदळाच्या गिरणीत पाळी होती आणि पालकाची सही लागते. दोघं माझ्या कचेरीत आले. शाळेचा कोच पिकेट होता. अर्लीननं माझं पेन घेतलं आणि विचारलं, "मिस एलोडी, दोन्ही रेघांवर करायची?" मी हो म्हटलं. कागद स्टेटचा होता. तिनं सही केली, मुलाची कॉलर नीट केली, म्हणाली, "झालं. आता वर्गात जा." पिकेट खुर्च्या मांडायला जिममध्ये गेला, आणि मी कागद फॅक्सला लावला.

आमचं जुनं यंत्र मजकूर वर ठेवून घ्यायचं. जानेवारीत नवं आलं होतं, ते मजकूर खाली ठेवून घेणारं. माझ्या हाताला जुनी सवय. सात वाजून दहा मिनिटांनी कागद गेला, यंत्रानं पोचल्याची पट्टी दिली, मी समाधानानं कॉफी करायला उठले. त्या वेळी माझ्या मनात काही नव्हतं, नॉर्बेर. हे तुला खरं वाटलं नाही तरी चालेल.

सव्वानऊला शिक्षण कचेरीतून मार्जोरीचा फोन. "बाई, हजेरीपत्रक पाठवलंस का उशीचा अभ्रा? कोरं करकरीत आलंय, पालथं घाल की." मी हसले, हजेरीपत्रक पालथं घालून पुन्हा पाठवलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की सकाळचा कागदही तसाच गेला असणार. कॉर्नेलची फाईल हाताशी होती. उठून दोन पावलं जायचं होतं. मी ठरवलं असं मला म्हणता येत नाही. मी उठले नाही, एवढंच. उशिरा आलेल्या मुलांची यादी टाइप करायची होती, ती करत बसले. सकाळी अल्सीडनं अंडी तशीच ठेवली होती. सहाव्या वर्षीही पोरगा तुझाच, हे त्याला ठाऊक होतं, आणि तरी तो नवा शर्ट घालून कॉलेजात गेला होता. ते ताट मला दिसत होतं. तुझं ताट दिसत नव्हतं, कारण तू नदीपलीकडे होतास.

साडेनऊला तुझा फोन आला. तू पिकेटला बोलवायला सांगितलंस. मी म्हटलं, जिममध्ये आहे. तू म्हणालास, "त्याला म्हणावं लगेच फोन कर. अकराच्या आत. अकरानंतर हेडकोच थांबणार नाही." मी लिहून घेतलं. तू फोन ठेवला नाहीस. मला तुझा श्वास ऐकू येत होता. कागद गेला का, एवढं विचारलं असतंस तर मी खोटं बोलले नसते. पण नियम तू पाळलास. म्हणालास, "तू कशी आहेस?" मी म्हटलं, "बरी आहे." सव्वादहाला पुन्हा तोच फोन, पुन्हा तेच शब्द. दोन्ही निरोप मी दिले नाहीत. अकरा वाजून दहा मिनिटांनी मी तो कागद नीट, पालथा घालून पाठवला.

पुढचं तुला ठाऊक आहे, पण तुझ्याच बाजूचं. तुमच्याकडे शाळेचा नंबर आणि वेळ छापलेला एक कोरा कागद आला. तुला वाटलं, दाजींनी बायकोच्या कचेरीतून चेष्टा केली, मुलाला फितवलं, पिकेटलाही वळवलं. अकराला ती जागा टेक्सासच्या कुणा मुलाला गेली, आणि दहा मिनिटांनी आलेला खरा कागदही तुला दाजींची मुद्दाम केलेली चालच वाटली. बाराला दहा मिनिटं असताना कॉर्नेलला कळलं, की स्टेटला तो आता नको आहे. त्यानं अल्सीडच्या कॉलेजची टोपी उचलली, आणि मी टाळ्या वाजवल्या.

रविवारी तू आलास. अल्सीड दारातच म्हणाला, "या, कॉफी टाकतो." तू आत न येता म्हणालास, "आधी कोरा कागद पाठवायचा आणि मग कॉफी पाजायची. शाब्बास, दाजी." तो म्हणाला, "कसला कागद?" त्याला खरोखर माहीत नव्हतं. तू त्याला खोटारडा म्हणालास, रेमीच्या समोर. त्यानं तुझ्या अंगाला हात लावला नाही, पण दार लावून घेतलं. तू माझ्याकडे पाहिलंस. मी टेबल पुसत होते. तेव्हाही विचारलं नाहीस, नियम होता म्हणून, आणि मला वाटतं, बहिणीचा संशय तुझ्या डोक्यातच आला नाही म्हणूनही. मग तू ओक्लाहोमाला गेलास आणि धान्याची कोठारं विकू लागलास. आईच्या दफनाला आलास तेव्हा चर्चमध्ये पलीकडच्या बाकावर बसलास.

अल्सीडनं आयुष्यभर ती गोष्ट सांगितली. मोठ्या पातेल्यात शिंपले उकळत असोत की कुणाचं लग्न असो, कॉर्नेलचं मन आपण शेवटच्या क्षणी कसं वळवलं ते सांगायचा. आधी थोडं, मग दरवर्षी जरा वाढवून. शेवटी त्याचा स्वतःचा त्यावर विश्वास बसला होता. आणि ती सांगून झाली की म्हणायचा, पण नॉर्बेर मला लबाड समजतो. एकदा फक्त मला म्हणाला, "एलोडी, तुला कधी काही वेगळं वाटलं का ग त्या दिवशी?" मी म्हटलं, मला काय कळतंय तुमच्या फुटबॉलमधलं. ते आमच्या लग्नाचं चाळिसावं वर्ष होतं. त्याच्या छातीत पाणी झालं तेव्हाही मी सांगितलं नाही. मठाच्या शाळेत सिस्टर पर्पेतुआ शिकवायच्या, की विचारल्याशिवाय बोलू नये, आणि विचारलं तर जेवढ्यास तेवढं बोलावं. सिस्टर ते वर्गातल्या शिस्तीबद्दल सांगत असत. मी त्यावर बावीस वर्षं काढली. फादरांकडे पापनिवेदनात एकदा सांगितलं, तर त्यांना यंत्र नीट कळलं नाही, आणि त्यांनी तीन प्रार्थना सांगून मला उठवलं.

कॉर्नेलचं काही वाईट झालं नाही. चार वर्षं खेळला, पदवी घेतली, तिथलीच मुलगी केली, आणि आता आपल्याच हायस्कूलमध्ये गणित शिकवतो आणि पिकेटच्या जागी कोच आहे. त्याचा मुलगा आयझाया सतरा वर्षांचा आहे. दोन्ही कॉलेजं त्याच्याकडेही जेवायला येतात. गेल्या शुक्रवारी कॉर्नेल माझ्याकडे आला. घरी दोन्हीकडचे कोच येऊन गेले होते आणि तो कंटाळला होता. आता सगळं फोनवर बोट लावून होतं म्हणे. हसत हसत म्हणाला, "मिस एलोडी, आमच्या वेळी तुमचं ते यंत्र होतं. माझा कागद तुम्ही किती वाजता पाठवला होता हो?" इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी असा सरळ विचारला नव्हता. मी म्हटलं, दोनदा पाठवला, आणि का ते सांगितलं. त्यानं कॉफी संपवली, कप विसळून पालथा ठेवला. मग म्हणाला, "मी बावीस वर्षं समजत होतो, कोच नॉर्बेरनी मला टाकलं. पोरालाही तेच सांगितलं. स्टेटवाल्यांना घरात घेतो, पण त्यांचा एक शब्द खरा मानत नाही." दाराशी गेल्यावर मागे वळला. "त्यांना कळायला हवं. तुम्ही सांगता की मी सांगू?" मी म्हटलं, मी लिहिते. त्यानं मला या रविवारपर्यंत मुदत दिली आहे.

म्हणून हे पत्र. माफी कशी मागायची ते मला सुचत नाही, आणि तू ती द्यावीस असंही लिहिणार नाही. सोबत दोन्ही वेळांच्या पट्ट्या आणि तुझ्या निरोपांच्या चिठ्ठ्या आहेत, त्या तुझ्या. याच पत्राच्या तीन प्रती केल्या आहेत. एक रेमीला, म्हणजे आपला बाप खोटं बोलत नव्हता आणि मामाही खोटं बोलत नव्हता हे त्याला एकदमच कळेल. एक कॉर्नेलला, त्याच्या मुलानं वाचावी म्हणून. तिसरी तुमच्या जुन्या हेडकोचला, चूक तुझी नव्हती हे त्याला कळावं म्हणून. तो ह्यूस्टनजवळ मुलीकडे असतो, पत्ता मिळाला आहे. अल्सीडची होडी तू घ्यावीस, त्यानं तुझ्या पसंतीचं इंजिन बसवलं होतं. त्याची विजेतेपदाची अंगठी कॉर्नेलकडे जाईल, कारण ती जिंकणारे पाय त्याचे होते. माझ्या नावावरचं घर रेमीच्या मुलींना. अर्लीनला मी काय द्यावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तिनं त्या कागदावर माझ्या पेनानं सही केली होती. रविवारी मिस्सा झाल्यावर मी तिच्याकडे जाणार आहे, तिला हे सगळं मी स्वतः सांगेन. तोपर्यंत तिला कुणी फोन करू नये, तूसुद्धा.

तुझीच,
एलोडी