दाजी, सूट तेवढी देऊ नका

ता. कडेगाव
दसऱ्यानंतरचा गुरुवार

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी, तुमचा मेव्हणा आकाराम याचा वाकून नमस्कार (कंबरेनं परवानगी दिली तेवढा वाकून).

तुमचा उजवा गुडघा आता काय म्हणतो? घाटाच्या पायऱ्या उतरायच्या बंद केल्या, का अजून पहाटे नदीवर जाऊन आक्काच्या जिवाला घोर लावताय? आक्काची साखर ताब्यात असेल, निदान आक्कापुढं तरी ती नमून असेल. नवरात्रात दुकानातला कापूर, उदबत्ती, नाडापुडी बरी खपली असणार. आम्ही इकडं खुशाल आहोत. आमच्या मंडळींनी, म्हणजे मंगलनं, दोन दाढा काढल्या, पण बोलण्यावर परिणाम नाही. तुम्ही म्हणाल, फोन असताना हा बाबा पत्र कशाला लिहितोय. त्याचं असं आहे की तुमच्या घरी फोन आक्का उचलते, आणि उचलला की स्पीकरवर टाकते. म्हणून पत्र, आणि तेही घरच्या पत्त्यावर नाही, दुकानाच्या.

पत्राचं कारण आनंदाचं आहे. बँका पत मोजतात तो माझा सिबिलचा आकडा सातशे चौतीस झाला. पेढे वाटावेत अशी ही गोष्ट आहे, पण मागच्या वेळचे पेढे अंगाशी आल्यामुळं वाटले नाहीत.

मागचे पेढे तुम्ही खाल्लेत. लॉकडाऊनमध्ये दोन हंगाम लग्नं झाली नाहीत आणि माझ्या आठशे खुर्च्या, दोन डोम आणि भांड्यांचं गोदाम गप पडून राहिलं. (जी लग्नं झाली ती पंचवीस माणसांत. पंचवीस माणसं घोंगडीवर मावतात, त्यांना मंडपवाला कशाला लागतो?) मंडपाच्या कर्जाचे हप्ते थकले, नोटिसा आल्या. शेवटी बँकेच्या त्या वेळच्या साहेबांनी बोलावून सांगितलं की तीन लाख दोन हजार येणं आहे, एकरकमी दोन लाख चाळीस भरा, वरचे बासष्ट हजार सोडून देतो. मला वाटलं, देवमाणूस. पैसे भरले, त्यांनी शिक्क्याचं पत्र दिलं, आणि मी आपल्याच मंडपात साहेबांचा सत्कार घातला. शाल, श्रीफळ, फेटा, पेढे, चाळीस माणूस, लाऊडस्पीकर. भाषण तुम्हीच केलंत, बँकेला माणुसकी असते म्हणून. साहेब फेट्याखाली नुसते घामाघूम बसून होते, तेव्हाच मला काही कळायला पाहिजे होतं. ते पत्र मी कडेगावात फ्रेम करून आणलं आणि देव्हाऱ्याशेजारी खंडोबाच्या तसबिरीला लागून टांगलं.

आता गेल्या वर्षीचा श्रावण. आमच्या पोरानं, ऋषिराजनं, विचार मांडला की दर लग्नाला टेम्पो भाड्यानं आणण्यात निम्मी कमाई जाते, आपलाच एक जुना टेम्पो घ्यावा. आणि हे पुढल्या वर्षीच्या तुळशीच्या लग्नापर्यंत जमलं नाही तर तो पुण्याला कंपनीत जाणार. पोरगा असं सांगताना माझ्याकडं बघत नव्हता, खुर्च्या मोजत होता. आठशे खुर्च्या दोनदा मोजल्या त्यानं. मला एवढंच कळलं की तो गेला तर डोम कुणी उभारायचा हा प्रश्न नाही, संध्याकाळी घरात बोलायचं कुणाशी हा आहे. (मंगलशी बोलता येत नाही, ऐकता येतं.)

धंदा माझ्या नावावर, म्हणून कर्जही माझ्या नावावर. बँकेत आता नवीन मॅडम आहेत, प्रियदर्शनी नाव, आपल्या नातीच्या वयाच्या. त्यांनी मशीनमध्ये बघून सांगितलं, आजोबा, नऊशेपैकी पाचशे एक्याऐंशी. मी मनात हिशेब केला, चौसष्ट टक्के. दाजी, मी चौथी नापास माणूस, अक्षरं शिकलो ती लग्नपत्रिका वाचून. आयुष्यात पहिल्यांदा फर्स्ट क्लास बघितला. मी ऋषिराजच्या पाठीवर थाप मारली तर पोरगं खाली मान घालून उभं. मग मॅडमनी समजावलं की हे मार्क शून्यापासून धरत नाहीत, तीनशेपासून धरतात, आणि माझ्या नावापुढं तडजोडीनं मिटवलेलं कर्ज असा शेरा आहे. पूर्ण फेडलं असा नाही. म्हणजे ह्या माणसानं सगळं दिलं नाही, घेणाऱ्यानं कंटाळून सोडलं. आम्ही जिच्यापुढं लाऊडस्पीकर लावला होता ती गोष्ट ही.

भर म्हणून, मला न सांगता ऋषिराज सांगलीत, कराडात, साताऱ्यात मिळून पाच ठिकाणी माझ्या नावानं अर्ज टाकून आला होता. प्रत्येक ठिकाणी चौकशी झाली आणि प्रत्येक चौकशीनं आकडा थोडा खचला. एकच पोरगी पाच घरी दाखवावी आणि प्रत्येक घरानं पुढच्या घरी कळवावं, तसलं झालं. घरी आल्यावर मंगलला सगळं सांगितलं. ती फ्रेमपुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “म्हंजी आवं, चार वर्सं मी ह्या डागाला हळदकुंकू लावतीया व्हय?” त्या दिवशी फ्रेम उतरली. भिंतीवर खिळा राहिला.

मॅडमनी वाट सांगितली. सोडलेले बासष्ट हजार आजही भरता येतील, मग शेरा बदलेल. (पैसे कुठून आले ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यावर खाली येतो.) पैसे घेऊन गेलो तर ते कुठल्या खात्यात घ्यायचे हे बँकेत कुणालाच माहीत नाही. सोडलेला पैसा परत आणणारा माणूस त्यांनी पाहिलाच नव्हता. एका कारकुनानं तर मला पाणी दिलं आणि हळूच विचारलं, काका, घरी कोणी आहे का सोबत. तीन खेपा झाल्या, वरच्या ऑफिसातून परवानगी आली, आणि चौथ्या खेपेला काहीही येणं बाकी नाही असं नवीन पत्र मिळालं. सत्कार केला नाही.

एवढ्यानं भागत नाही, म्हणाल्या मॅडम. आता थोडं घेऊन वेळेवर देता हे दाखवा. मग मी पंधरा हजार ठेव म्हणून ठेवले आणि त्या ठेवीवर बँकेनं मला बारा हजारांचं कार्ड दिलं. नीट बघा दाजी. माझाच पैसा मी त्यांच्याकडं ठेवला, त्यातलाच त्यांनी मला उसना दिला, आणि तो मी परत केला की ते मला शाबास म्हणणार. कार्डावर मी मंडपाच्या जनरेटरचं डिझेल भरायचो आणि पावती घेऊन तडक बँकेत जाऊन पैसे भरायचो. देणं ठेवून झोप लागत नाही मला. त्यातून आमच्या धंद्याची रीत, पूज्यावर आकडा सोडायचा नाही. बाराशेचं डिझेल असलं तर बाराशे एक. तीन महिने असं चाललं आणि आकडा जागचा हलला नाही. मॅडमनी बोलावून कागद पुढं केला. त्यावर माझं देणं नव्हतंच, उलट बँकच मला सव्वीस रुपये लागत होती. मी विचारलं, मग आता बँकेचा आकडा किती? मॅडमचं हसून हसून पोट दुखायचं तेवढं राहिलं. म्हणाल्या, “आजोबा, आधी बिल येऊ द्या, मग भरा. थोडे दिवस देणेकरी राहायला शिका.” साठी ओलांडल्यावर हे शिक्षण. पण शिकलो. बिल येईपर्यंत गप बसायचो, मंगल म्हणते तोंडाला फेस आल्यासारखा. पाचशे एक्याऐंशी, मग सहाशे चाळीस, मग सातशे दोन, आणि परवा सातशे चौतीस. टेम्पोचं कर्ज मंजूर झालं. तसं माझं तुमच्याकडं काही मागणं नाही. आनंद कळवावा म्हणून लिहिलं.

आक्काला नमस्कार, तुमच्या गुडघ्याला आराम.

तुमचा
आकाराम

ता. क. मागणं एक आहे. बासष्ट हजार. गेल्या वर्षीच्या दसऱ्याला तुम्ही कापराच्या डब्यामागून काढून वर्तमानपत्रात गुंडाळून दिलेत, मोजले नाहीत, लिहून घेतलं नाही. येत्या दिवाळीच्या पाडव्याला परत देतो असा शब्द मी दिला होता. त्यातले पन्नास हजार साठलेत, तांदळाच्या डब्यात आहेत, हात लावलेला नाही. आणि टेम्पोसाठी मॅडम म्हणतात, पदरचे पन्नास हजार वसुबारसेपर्यंत भरायचे, नाहीतर मंजुरी जाईल. पैसे एकच आहेत आणि दारं दोन आहेत. डब्यावर हक्क तुमचा, म्हणून तुम्हाला विचारतो. नको म्हणालात तर पहिल्या गाडीनं ऋषिराज पैसे घेऊन वाईला येईल, पुण्याचं पुढं बघू. हो म्हणालात तर मार्गशीर्षापासून दहा महिने दर पाच तारखेला सहा हजार दोनशे एक. वरचा रुपया रीतीचा आहे, तो परत करू नका.

ता. क. दुसरा. आक्कापासून चोरून दिलेत असं तुम्हाला वाटतं, पण आक्काला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तिनं मंगलला सांगितलंय की भाऊबीजेला ओवाळताना ती म्हणणार, “आकाराम, त्ये पैसं ऱ्हाऊ दे रं आता.” दाजी, पाया पडतो, तिला हे म्हणू देऊ नका. मुदत द्या, शिव्या द्या, पण सूट देऊ नका. बँकेनं सूट दिली तर मशीनमध्ये शेरा बसला, तो पैसे भरून पुसता आला. बहिणीच्या घरी बसला तर मी कुणाकडं भरू?

ता. क. तिसरा. बँकेचं नवीन पत्र मी टांगलेलं नाही, ट्रंकेत आहे. त्यात लिहिलंय काही येणं बाकी नाही, आणि ते खरं नाही, बाकी नुसती कडेगावातून वाईला गेली आहे. फ्रेम पुसून ठेवली आहे. शेवटचा हप्ता पोचला की दुकानाच्या साध्या पावतीवर तुमच्या हातानं एक ओळ लिहून द्या, सगळे पोचले म्हणून. खिळा तिथंच आहे.