नऊ मीटरचा रस्ता

हिंगोली,
१२ नोव्हेंबर २००४

प्रिय प्रमोदराव,
सप्रेम जयभीम.

काल आपल्या ओट्यावर बसून आपण माझ्या पुस्तकातील शेवटची कथा मोठ्याने वाचलीत आणि डोळे पुसत म्हणालात, "दाजी, अक्काचं मरण किती शांत लिवलं तुमी! गाडी बराबर दारात आली."

गाडी दारात आली नव्हती, हे आपणांस ठाऊक आहे.

या वसाहतीचा नकाशा १९९२ साली मीच आखला. त्यात आपला रस्ता, ज्याच्या टोकाला माझे घर आहे, नऊ मीटरचा आहे. त्यातील तीन मीटरांवर आपण ओटा बांधलात. आपला पाहून समोरच्यांनी चार मीटरांवर बांधला; मध्ये उरले दोन. आपणांस द्यावयाची नोटीस मी तयार केली, तेव्हा आपली अक्का, माझी करुणा, म्हणाली, "माझ्या भावाचा ओटा पाडून राहिले व्हय तुमी? मंग मला आधी माहेरी धाडा." मी नोटीस घरच्या टेबलाच्या खणात ठेवली.

गेल्या वर्षी रुग्णवाहिका कोपऱ्यावरच अडली. करुणेला खुर्चीत बसवून आपण दोघांनी उचलले. ओट्यापाशी खुर्ची वळेना, म्हणून आपण ती तिरपी केलीत. तेथेच तिने मान टाकली.

कथेत मी तो ओटा पाडला आहे. आपल्यासारख्या रसिक वाचकाच्या ते ध्यानात आले नाही, याचे नवल वाटते. प्रत्यक्षात तो शाबूत आहे, आणि काल त्यावर मांडी घालून मी चहात साखर कमी असल्याची तक्रारही केली.

हे पत्र त्याच खणात, त्या नोटिशीवर ठेवीत आहे. उद्या चहाला येतोच.

आपला दाजी,
मुंजाजी खिल्लारे
सेवानिवृत्त नगररचनाकार