कूलिंग कॉइलची गळती मला ठाऊक होती

मी, वाल्मीक कुशाबा ढमाले, वय ६८, राहणार मुळशी, जि. पुणे, पूर्वीचा धंदा मोटारींचे एसी दुरुस्त करणे, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहितो. डोळे शाबूत आहेत, हे मुद्दाम नमूद करतो.

१. राहते घर व मागची भातखाचरे माझी एकुलती मुलगी शुभांगी हिची.

२. गॅस भरायचे गेज, व्हॅक्युम पंप व सगळे पाने ताम्हिणीच्या शंभू मेकॅनिकला. गळती सापडल्याशिवाय त्याने कोणाच्याही गाडीत गॅस भरू नये.

३. धाकटा भाऊ किशोर यास काही नाही. माझी शिडी अकरा वर्षे त्याच्याकडेच आहे, ती ठेवावी.

४. शुभांगीच्या गाडीबाबत. तिची आई गेली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ती कोथरूडहून एसी दाखवायला आली. कूलिंग कॉइल गळत होती. बदलायची तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो, एक दिवसाचे काम. पण मग तिला परत यायला कारण उरले नसते. मी नुसता गॅस भरला. तीन महिन्यांत गारवा गेला, ती आली. असे चार वर्षे चालले. ती ओट्यावर चहा घ्यायची, नात आरोही कोंबड्यांमागे पळायची.

गेल्या मे महिन्यात चांदणी चौकाच्या कोंडीत एसी बंद पडला. आरोहीला ऊन लागले, दोन दिवस सलाईन लावावी लागली. पुण्याच्या मेकॅनिकने कॉइल काढून दाखवली. शुभांगीचा फोन आला, "अप्पा, इतकी जुनी गळती तुम्हाला दिसली नाही?"

"वय झालं गं. दिसत न्हाई आता."

"मग गाड्यांना हात लावू नका."

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजची पाटी उतरवली. त्यानंतर ती आली नाही, दिवाळीलाही नाही.

मला गळती पहिल्याच दिवशी दिसली होती. हे तिला माझ्या मागे कळावे.

५. वरील मजकूर साक्षीदार विश्रामला वाचून दाखवला. तो म्हणाला, "मेल्यावर कशापायी सांगतुयास? तू बी जित्ता हायेस, ती बी हाय. लाव फोन."

लावला. सगळे सांगितले. ती म्हणाली, "अप्पा, नुसतं 'ये' म्हणायचं होतं."

"ये," मी म्हणालो.

"रविवारी बघते."

आज रविवार. दिवस कलेपर्यंत वाट पाहिली, ती अजून आलेली नाही. साक्षीदार खोळंबलेत, म्हणून सही करतो. तिला सगळे सांगून झाले, तरी चौथे कलम खोडलेले नाही.

सही: वा. कु. ढमाले

साक्षीदार:
विश्राम गेणबा शेडगे (सही)
साळूबाई शेडगे, शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा)

मुळशी, १६ नोव्हेंबर २०२५