पलटणीच्या तलवारीला धार

रवि., ३ मे १९८७, अमळनेर
पुतण्याचं लग्न पार पडलं. नवरदेवाच्या हातची तलवार घरी परत आली. टोकाला खोचलेलं लिंबू काढायला गेले तर अंगठ्यातून रक्त! भावजींनी धुळ्याला सहाणेवर धार लावून घेतलेली. वर मलाच, 'नवरदेवना हातमा बोथट तलवार बरी दिसत नही, वहिनी!' भाऊकीतले सगळे तीच बोथट तलवार घेऊन बोहल्यावर चढले, कुणाचं लग्न अडलं? लेकाच्या लग्नात अक्कल गहाण. नानांना सांगू नका म्हणाले. सासरे माझे आहेत, पण बाप त्यांचा.

मंगळ., ५
कुठल्याशा वरातीत तलवारी चालल्या. पोलिसांनी गावातल्या सगळ्या तलवारी ठाण्यात आणून दाखवायला सांगितलंय. मागचे फौजदार पात्यावर बोट फिरवून म्हणाले होते, 'मिरवायची आहे, धार नाही, राहू द्या घरात.' ते बदलून गेले. नवे फौजदार धार बघून काय म्हणतील?

बुध., ६
नानांनी तेल लावायला तलवार मागितली. मी लावते म्हटलं. 'कधी लायं तू तेल?' पात्यावर नानांची बोटं फिरली, थांबली. 'कोन?'
भावजींचं नाव सांगितलं. काय करणार?

गुरु., ७
नानांबरोबर पोलीस ठाण्यात. नाना म्हणाले, 'मन्हा बाप पलटणना गोरा साहेबना शिपाई व्हता. पलटण मोडनी तवय साहेबनी ही तलवार दिन्ही.'
नवे फौजदार म्हणाले, 'ते असू दे. धार कोणी लावली?'
'मीच लायी.'
जन्मात खोटं न बोललेला माणूस! तलवार तिथेच ठेवून घेतली. केस करायची की नाही ते उद्या सांगणार.
वाटेत विचारलं, नाना, असं का बोललात?
'त्याना घरमा नवी सून शे.'

शुक्र., ८
रात्री निरोप धाडला होता; भावजी पहिल्या एस्टीने आले. नानांच्या पायाशी बसून रडले. 'मी सांगस, नाना.'
नाना टोपी घालत होते. 'तू बोलना ते मी खोटा पडसू. गप ऱ्हाय.'
भावजी ऐकेनात. दोघंही ठाण्यात गेले. नाना पुढे, ते मागून. पोळ्या करायला घेतल्या, पण तव्याकडे लक्ष नाही. भावजींनी खरं सांगितलं तर बाप खोटा, नाही सांगितलं तर बापाला म्हातारपणी कोर्टाच्या पायऱ्या. तिथे आधी तोंड कोण उघडेल?
देवा, दोघांतल्या कुणालाच आधी बोलू देऊ नकोस; फौजदारांनाच 'केस नाही' म्हणू दे.