बाळू शेठची तडीपारी

१४ नोव्हेंबर १९५८
धाकट्या दिरांची, पांडूभावजींची, डोल कापली, खुंटांना दोरांनी बांधलेलं मोठं जाळं. भर समुद्रात. कुजून तुटलेला दोर वेगळा नि सुरीने कापलेला वेगळा, हे आमच्यात लहान पोरालाही कळतं. गुन्हा एवढाच की त्यांनी गेल्या आठवड्यात मासळी बाळू शेठच्या लाँचवर न घालता मुरूडच्या व्यापाऱ्याला दिली. दारूबंदी आल्यावर हातभट्टीवर फुगलेला हा माणूस. आधी बर्फ त्याचा झाला, मग लाँच, आता भावही तो म्हणेल तो. भावजी तुटकं जाळं मांडीवर घेऊन बसलेत. सासूबाई जेवल्या नाहीत.

१७ नोव्हें.
बा. शेठचा माणूस दारात. हे होडीचे तांडेल, सुकाणू ह्यांच्या हाती; तेव्हा घरी नव्हते. ओसरीवर पान थुंकला. "वयनी, तांडेलाला सांगा, भावाचा झाला तो बघून शहाना हो. होडीत नुसती जाली नसतात, मानसा पन असतात."
माझ्या तोंडाला सगळं बंदर वचकून असतं, आणि मी गप्प! तो गेल्यावर ओसरी दोनदा धुतली. अजून राग जात नाही.

२८ नोव्हें.
नवे फौजदार येऊन गेले. देशावरचे, मिशी मोठी, वय लहान. ह्यांना म्हणाले, कोर्टात साक्ष द्यायला कुणी धजत नाही म्हणूनच हा कायदा आहे. अलिबागला प्रांतसाहेबांपुढे बंद खोलीत जबाब द्यायचा. नाव कुठेही फुटणार नाही. शेठ दोन वर्षं जिल्ह्यातून तडीपार.
हे हो म्हणाले. मला अभिमान वाटला. भीती त्याहून जास्त.

३ डिसें.
तारीख आली, ११ डिसें. नेमकं अमावास्येचं उधाण! भांगाला, अष्टमीच्या सुमारास, पाण्यात जोर नसतो तेव्हा होड्या वाळूवर असतात, कुणीही कुठेही जावं. पण उधाणात डोल भरते. त्या दिवसांत होडी वाळूवर राहिली तर घरात मयत झालं असं समजायचं. आमची राहिली की तांडेल कुठे गेला हे बा. शेठला अंगणात बसून कळेल. मग नाव गुप्त ठेवून काय उपयोग?
हे तारीख बदलून मागायला गेले. फौजदार म्हणाले, "अमावास्या पाळता का? सरकारी कामात ते चालत नाही." अहो, पाळत नाही, त्या दिवशी मासे धरतो! पण कागद वर गेला होता.

५ डिसें.
मी म्हटलं, मी जाते. धमकी माझ्याच तोंडावर दिलीय. ह्यांनी विडी पेटवली.
"तुला काय झाला तं?"
"तुमाला झाला तं चालंल व्हय?"
सासूबाई आतून म्हणाल्या, "जाऊ दे तिला. होडी पान्यात जाऊ दे." मिटलं. कुणी विचारलं तर मी काशीदला, माहेरी.

११ डिसें.
होडी भरतीबरोबर गेली, मी एस.टी.ने. रेवदंड्याची खाडी ओलांडताना तरीच्या होडीत ओळखीचं कुणी नव्हतं, तरी पदर तोंडावरच.
प्रांतसाहेब वयस्कर, सौम्य. "तो माणूस शेठचाच कशावरून?"
म्हटलं, "साहेब, दुसऱ्या कुणाचा माणूस आमच्या दारात थुंकून धडपणे परत जाणार नाही." हसले. लिहून घेतलं. जे पाहिलं, ऐकलं, तेवढंच सांगितलं. सही केली. घरी येऊन भात खाल्ला, झोप मात्र लागली नाही.

६ फेब्रुवारी १९५९
हुकूम निघाला. बा. शेठ स्वतःच्याच लाँचने मुंबईला गेला. धक्क्यावर पोलीस उभे आणि आमच्यातल्याच एकाने त्याच्या गळ्यात हार घातला! शेठ सगळ्यांना नमस्कार करत गेला. माझ्याकडे बघितलं की नाही, सांगता येत नाही.
लाँच दिसेनाशी झाल्यावर बायका मोठमोठ्याने बोलू लागल्या. किती दिवसांनी. मीही बोलले, उगाचच, कशावरही.

१० मार्च
हे आणि भावजी स्वतःचा मचवा घेऊन माल विकायला मुंबईला गेले होते. आज आले, रिकाम्या पाट्या, रिकामा खिसा.
लिलावाच्या जागी बा. शेठ खुर्ची टाकून बसलेला. आमच्या बंदराची मासळी म्हटल्यावर कुणी बोलीच लावेना. एक दलाल कानात सांगून गेला, आधी शेठला भेटा. हे भेटले नाहीत. उन्हं चढली, कोलंबी काळी पडली. येताना समुद्रात ओतली.
जिल्ह्यातून घालवला तो कुठे, तर आमचा माल विकला जातो तिथेच. हे मला तेव्हा सुचलं नाही, प्रांतसाहेबांनाही नाही.

१३ मार्च
मी फौजदारांकडे गेले. उघडच गेले, आता लपवायचं काय. "बाई, तो माझ्या हद्दीत नाही हो. पाऊल टाकलं तर त्याच मिनिटाला धरतो." खरंच वाईट वाटलं त्यांना. चहा मागवला. मुंबई पोलिसांत तक्रार द्या म्हणाले.

९ एप्रिल
उधाण. बोंबील चांगला लागला. दोन घरं परत शेठच्या लाँचकडे गेली, पुतण्या चालवतो ती. त्यांना नावं ठेवायला जीभ वळत नाही, पोरंबाळं त्यांनाही आहेत.
मचवा भरला. सुटताना ह्यांनी सगळ्यांसमोर मला विचारलं. लग्न झाल्यापासून होडीच्या कामात कधी विचारलं नव्हतं. "काय करू? भेटू त्याला?"
मी म्हटलं, "भेटू नका. बोली लावू देईत न्हाय तं तितल्या पोलिसात जा. जबाब द्या."
मान डोलावली आणि शीड वर घेतलं. भावजीही बरोबर.

१२ एप्रिल
काल यायला हवे होते. वारा बरा आहे. शेठची लाँच सकाळीच आली. पुतण्याला विचारलं तर म्हणाला, आमी न्हाय पायला.
सासूबाई दर भरतीला धक्क्यावर जाऊन येतात. मला एका शब्दाने बोलत नाहीत. बोलल्या असत्या तर बरं. ह्यांनी विचारलं होतं, भेटू का. नको मी म्हटलं.