हिरवी भिंत

तीर्थस्वरूप मामांना,

गुडघा धरल्यामुळे नमस्कार उभ्यानेच करते आहे, पण मनाने वाकलेच आहे असे समजावे. खोकला कसा आहे? मामी अजून तुम्हाला शिडीवर चढू देतात का? (देत असतील तर बरेच आहे. कारण पुढे येईल.) हल्लीच्या पोरांना नळाचे सांधे नीट जोडता येत नाहीत, ही तुमची तक्रार मला मनापासून पटते. मामांच्या हातचे नळकाम म्हणजे जन्माचे काम, असे मी चारचौघांत नेहमी सांगते.

इकडे मी सातवीला पाण्याचा तास घेते. फळ्यावर ढग काढून कुणाला पाणी कळत नाही, म्हणून सगळे हाताने करायचे. परवा फ्लशची टाकी शिकवली. टाकीत खाण्याचा रंग टाकायचा, फ्लश न करता थांबायचे. खाली भांड्यात रंग उतरला की समजायचे, टाकी गळते. सोपे आणि निरुपद्रवी, असे मला वाटले होते.

सातवीला मात्र एकेक टाकी तपासत बसणे म्हणजे वेळेची नासाडी वाटली. त्यांनी घरोघरच्या स्वयंपाकघरांतून हिरवा रंग जमवला आणि गच्चीवरच्या मोठ्या टाकीत ओतला, म्हणजे अख्ख्या शाळेची गळती एका दमात सापडावी! या तर्कात मला अजूनही खोट सापडलेली नाही. मुख्याध्यापिकाबाईंना सापडली, कारण त्या नेमक्या तेव्हाच तोंड धूत होत्या. पुढे मी काय काय ऐकून घेतले ते लिहीत नाही (पत्र मामीही वाचतील). पाण्याचा तास बंद झाला. आम्ही टाकी उपसून हिरवे पाणी झाडांना घातले. निदान ते तरी वाया गेले नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गाला माफी मागायला घेऊन गेले, तर बाईंच्या कपाटामागून भिंतीवर हिरवा डाग पसरत आलेला. तिथली ओल हवेतली आहे, असे म्हणत बाईंनी वर्षानुवर्षे तिच्यावर रंगाचे हात मारले होते. तेवढ्यात एका मुलीने भिंतीला बोट लावले आणि बाईंना विचारले,

"बाई, आम्ही दात घासताना नळ बंद करतो. ही भिंत कधीपासून पितेय?"

तिच्याकडे पाणी दिवसाआड येते. तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, तिला खरेच जाणून घ्यायचे होते. मामा, मला लाज वाटली आणि तिचा अभिमानही वाटला. बाईंनी स्वतः डागाला हात लावून पाहिला. मग म्हणाल्या, गळती खरेच पाइपाची निघाली आणि थांबली तर तास पुन्हा सुरू. ओल हवेतलीच निघाली तर विषय संपला.

प्रकृतीला जपा.

तुमची भाची

ता. क. येताना छिन्नी, हातोडा आणि मोठा पाना आणा. भिंत फोडायची आहे.

आणखी एक. हे नळ बसवले कुणी, असे बाईंनी विचारले तेव्हा मी खिडकीबाहेर पाहिले. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

आणि शेवटचे. सातवी बघायला उभी राहणार आहे. ती मुलगी पुन्हा "कधीपासून?" विचारेल. शाळेत ते फक्त तुम्हालाच सांगता येईल. तेवढे खरे सांगा.